टक्कर एकच, हिशेब दोन

डाळ उतू जाऊन शेगडीवर सांडली की गॅसची निळी ज्योत क्षणात पिवळीजर्द होते. तो रंग हळदीचा नव्हे, मिठातल्या सोडियमचा. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले दहा आत घट्ट बसलेले, आणि अकरावा बाहेर एकटा. ज्योतीतल्या धक्काबुक्कीत हा एकटा वरच्या पातळीवर चढतो, तिथे सरासरी १६ अब्जांश सेकंद टिकतो आणि खाली उतरताना २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा पिवळा प्रकाशकण सोडतो. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या कोणालाही या प्रकाशाची तरंगलांबी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते: ५८९३ अँगस्ट्रॉम. न्यूटनच्या वलयांपासून ग्रेटिंगपर्यंत निम्मे प्रयोग त्या पिवळ्या दिव्यासमोरच झालेले असतात.

या लेखात त्याच सोडियमच्या एका अवघड प्रयोगाची माहिती सांगायची आहे. अणू वरच्या पातळीवर असतानाच त्याच्यावर एक इलेक्ट्रॉन आदळला तर काय होतं? आणि आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा स्पिन वर आहे की खाली, याने त्या टक्करीत काही फरक पडतो का? फरक पडतो, आणि चांगला मोजण्याइतका पडतो. तो मोजता कसा येतो हे टप्प्याटप्प्याने पाहिलं तर पुंज भौतिकीतली एक विलक्षण गोष्ट हाताला लागते.

आधी स्पिनबद्दल. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो असं चित्र शाळेत दाखवतात. ते शब्दशः खरं मानू नये, पण एक गोष्ट त्यातून बरोबर कळते: इलेक्ट्रॉनला स्वतःचा असा कोनीय संवेग असतो, आणि कुठल्याही ठरवलेल्या दिशेने मोजला तर तो दोनच प्रकारचा सापडतो, वर किंवा खाली. मधलं काही मिळत नाही. ऑटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख यांनी १९२२ मध्ये फ्रँकफर्टला चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून पाठवला आणि त्याचे दोन भाग झाले, ते याचमुळे. त्याचा अर्थ मात्र १९२५ नंतर, उलेनबेक आणि गौडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडल्यावर लागला.

स्पिनमुळे टक्कर बदलते म्हटलं की मनात लगेच येतं: दोन छोटे चुंबक एकमेकांना ढकलत किंवा ओढत असतील. इथेच बहुतेकांची वाट चुकते. सोडियमसारख्या हलक्या अणूत हा चुंबकीय परिणाम जवळपास नगण्य असतो. खरं कारण वेगळंच आहे. आलेला इलेक्ट्रॉन आणि अणूतला एकटा इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे असतात. टक्कर झाल्यावर एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तो आलेलाच परत गेला, की आलेला आत राहिला आणि आतला बाहेर पडला, हे ओळखायला निसर्गाने कसलीही खूण ठेवलेली नाही. पुंज भौतिकीचा नियम असा की ज्या दोन वाटा वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यांच्या लहरी आधी एकत्र होतात आणि मगच त्यातून संभाव्यता निघते. त्या एकमेकींत मिसळतात की एकमेकींना खोडतात, हे दोन्ही स्पिन मिळून कोणती जोडी बनवतात यावर ठरतं.

जोड्या दोन तऱ्हेच्या. दोन्ही स्पिन एकाच दिशेला असले की ट्रिप्लेट. त्यात पाउलीचा नियम दोघांना एका जागी येऊच देत नाही. ते एकमेकांपासून अंतर राखून वावरतात. दुसरी सिंगलेट. त्यात स्पिन परस्परविरुद्ध असतात आणि दोघांना एकमेकांजवळ यायला पूर्ण मोकळीक असते. बल तेच, विजेचं, पण दोघांचं वावरणं वेगळं, म्हणून टक्करीचा निकालही वेगळा. एका गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. एक स्पिन वर आणि एक खाली असेल तर ती शुद्ध सिंगलेट नसते. ती निम्मी सिंगलेट आणि निम्मी ट्रिप्लेट असते, कारण ट्रिप्लेटच्या तीन प्रकारांतला एक प्रकार वर-खाली मिळूनच बनतो. हे निम्मं-निम्मं पुढे कामाला येणार आहे.

साधा, म्हणजे स्पिनची कुठलीही निवड न केलेला झोत साध्या अणूंवर सोडला, तर चारातल्या तीन टकरी ट्रिप्लेटच्या होतात आणि एक सिंगलेटची. मोजणी येते ती या सगळ्यांची मिळून. दोन वेगळे हिशेब एकाच वहीत, एकाच बेरजेत लिहिल्यासारखं होतं. बेंजामिन बेडरसन यांनी न्यू यॉर्कमध्ये १९६९ च्या सुमारास 'परिपूर्ण' प्रकीर्णन प्रयोगाची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हीच खंत होती. सरासरी घेतली की सिद्धांताच्या चुका लपतात. टक्कर होण्यापूर्वी दोन्ही बाजूंचं सगळं ठरवून घेतलं, तरच सिद्धांताची खरी कसोटी लागते.

'सगळं ठरवून घ्यायचं' हे बोलायला सोपं आहे. एका बाजूला अणू, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन, आणि दोघांनाही आधी ओळीत उभं करायचं.

अणूंची बाजू लेझरने सांभाळली. बंद भट्टीत सोडियम तापवून बारीक छिद्रातून बाहेर सोडलं की सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने धावणाऱ्या अणूंचा झोत मिळतो. त्याच्यावर काटकोनात लेझर पडतो. काटकोन यासाठी की अणू लेझरकडे येत किंवा त्यापासून दूर जात असते, तर डॉप्लर परिणामाने रंग सरकला असता. आणि इथे रंग अतिशय नेमका लागतो. अणुकेंद्राच्या स्वतःच्या स्पिनमुळे सोडियमची तळपातळी १७७२ मेगाहर्ट्‌झच्या अंतराने दोन भागांत फुटलेली असते, वरची पातळी त्याहून कितीतरी जवळजवळच्या चार भागांत. लेझर यांतल्या एकाच ठरावीक जोडीवर नेमका बसवावा लागतो.

लेझरचा प्रकाश वर्तुळ ध्रुवित केलेला असतो. अशा प्रकाशाचा प्रत्येक कण आपल्याबरोबर कोनीय संवेगाचं एक एकक, ठरलेल्या दिशेने, घेऊन येतो. अणूने कण गिळला की तो एक पायरी चढतो. प्रकाश बाहेर टाकताना तो कधी एक पायरी उतरतो, कधी आहे तिथेच राहतो, कधी आणखी एक चढतो. चढणं मात्र प्रत्येक वेळी ठरलेलं. तीन मिलिमीटर रुंदीचा लेझर ओलांडायला अणूला तीन-चार मायक्रोसेकंद लागतात; तेवढ्यात तो नव्वद-शंभर वेळा वर-खाली करू शकतो. इतक्या फेऱ्यांत तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचतो आणि मग तिथेच, सगळ्यात वरच्या दोन अवस्थांमध्ये, येरझारा घालत राहतो. या युक्तीला प्रकाशीय पंपिंग म्हणतात. ती १९५० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड कास्लर यांनी सुचवली आणि १९६६ चं नोबेल त्यांना मिळालं.

ती शेवटची पायरी इतकी मोलाची का? तिथे अणूचा एकूण कोनीय संवेग ३ असतो आणि तो सगळाच्या सगळा लेझरच्या दिशेने रोखलेला असतो. हे ३ येतात कुठून? अणुकेंद्राचे जास्तीत जास्त १.५, बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या कक्षेचा जास्तीत जास्त १, आणि त्याच्या स्पिनचा जास्तीत जास्त अर्धा. तीन विषयांत मिळून पैकीच्या पैकी गुण पडले असतील, तर प्रत्येक विषयात पैकीच्या पैकीच पडलेले असणार. दुसरी शक्यताच उरत नाही. तसंच इथे. बेरीज ३ म्हणजे केंद्रही पूर्ण एका दिशेला, कक्षाही, स्पिनही. एका लेझरने अणूच्या तिन्ही घटकांना एकदम ओळीत आणलं. मला या सगळ्या प्रयोगात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

या अवस्थेत बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा ढग साधारण मेदूवड्यासारखा होतो, मध्ये पोकळ आणि कडेने भरीव, आणि तो लेझरच्या दिशेभोवती एका बाजूने फिरत असतो. प्रकाशाचं ध्रुवण उलटं केलं की ढग उलटा फिरू लागतो, आणि त्याबरोबर स्पिनही उलटतो. कक्षा आणि स्पिन नेहमी जोडीनेच उलटतात. एकाला सोडून दुसरा नाही.

आता इलेक्ट्रॉनची बाजू. स्टर्न आणि गेरलाख यांच्या पद्धतीने मोकळे इलेक्ट्रॉन वेगळे करता येत नाहीत. चांदीचा अणू विद्युतभाररहित असतो. इलेक्ट्रॉनवर भार असतो, त्यामुळे चुंबकक्षेत्र त्याला इतकं वळवतं की स्पिनमुळे पडणारा बारीकसा फरक त्यात विरघळून जातो. उपाय सापडला अर्धवाहकात. झ्युरिकमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यावर डॅनियल पियर्स आणि फेलिक्स मायर यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर वर्तुळ ध्रुवित प्रकाश टाकून ध्रुवित इलेक्ट्रॉन बाहेर काढले. स्फटिकाच्या रचनेमुळे अशा प्रकाशाने उठणाऱ्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन एका स्पिनचे असतात आणि एक दुसऱ्या. म्हणजे तीनातून एक वजा, भागिले चार, तत्त्वतः ५० टक्के ध्रुवण. प्रत्यक्षात साध्या स्फटिकातून साधारण २५ ते ३५ टक्के मिळतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकात १९७८ मध्ये, निसर्ग डाव्या-उजव्यात फरक करतो हे इलेक्ट्रॉनांवरून दाखवलं गेलं, त्या प्रयोगातही याच स्फटिकाचे इलेक्ट्रॉन वापरले होते.

हा स्फटिक सांभाळणं हे एक व्रतच आहे. तो तापवून स्वच्छ करायचा, त्यावर सीझियम आणि ऑक्सिजन यांचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर चढवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला बाहेर पडण्याची आडकाठी राहत नाही. तो थर टिकायला भोवतीचा दाब हवेच्या दाबाच्या लाखकोटीव्या हिश्शाहूनही कमी लागतो. पण या त्रासाचं फळ मोठं आहे. स्फटिकावर पडणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण उलटवलं की इलेक्ट्रॉनांचा स्पिन उलटतो, आणि झोताची जागा, वेग, तीव्रता यांत काहीही हलत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम पाहायचा तेवढीच बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हे प्रयोग करणाऱ्याचं स्वप्न इथे खरोखर साधतं.

एक अडचण उरते. बाहेर पडताना स्पिनची रेघ आणि धावण्याची रेघ एकच असते, आणि आपल्याला स्पिन अणूच्या स्पिनप्रमाणे लेझरच्या रेघेत, म्हणजे धावण्याच्या दिशेला काटकोनात हवा. यावरचा तोडगा साधा आहे. विद्युतक्षेत्राने झोत ९० अंशांत वळवायचा. इतक्या मंद वेगाला विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनची वाट वळवतं, पण स्पिनला हात लावत नाही. वाट काटकोनात वळली, स्पिन होता तसाच राहिला, झालं काम.

पृथ्वीचं चुंबकक्षेत्रही विसरून चालत नाही. दहा इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्यात सुमारे २० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. उपकरणाचा आकारच त्याहून फार मोठा नसतो. म्हणून भोवती तारांची वेटोळी लावून आणि चुंबकरोधक पत्र्याचं आवरण घालून ते क्षेत्र निपटून काढावं लागतं.

आता दोन्ही झोत एकमेकांना भेटतात. उत्तेजित अणूकडे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट साठवलेले आहेत. आलेला इलेक्ट्रॉन कधी कधी ते काढून घेतो आणि अणूला तळपातळीवर बसवून स्वतः जास्त वेगाने निघून जातो. याला अतिस्थितिस्थापक प्रकीर्णन म्हणतात. असे इलेक्ट्रॉन वेचणं सोपं असतं, कारण झोतात त्यांच्याइतकी ऊर्जा दुसऱ्या कोणाकडे नसते. समजा १८ व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. मोजणी यंत्रासमोर १९ व्होल्टचा उंबरठा उभा केला की नुसते आपटून परतलेले आणि ऊर्जा गमावलेले सगळे मागे फिरतात. पलीकडे जातात ते फक्त २०.१ व्होल्टचे. लेझरसमोर पडदा धरला की मोजणी जवळपास शून्यावर येते. खात्री करून घ्यायला याहून सोपी परीक्षा नाही.

हीच क्रिया उलट्या क्रमाने पाहिली तर ती इलेक्ट्रॉनने तळपातळीतला अणू उत्तेजित करण्याची टक्कर असते, आणि काळ उलटवला तरी भौतिकीचे नियम इथे तेच राहतात. पूर्वी ती सुलट टक्कर अभ्यासायला विखुरलेला इलेक्ट्रॉन आणि अणूने सोडलेला प्रकाशकण एकाच वेळी पकडावा लागे. असे जोड फार क्वचित सापडत. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला इंगोल्फ हर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात लेझर वापरून उलटी बाजू खुली केली. इलेक्ट्रॉनांच्या ध्रुवणाची त्यात भर घातली ती अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून, जेबेझ मॅक्लेलँड, मायकेल केली आणि रॉबर्ट सेलोटा यांनी.

त्यांच्याकडे दोन बटणं होती म्हणा. एक लेझरचं: प्लस किंवा मायनस. दुसरं इलेक्ट्रॉनचं: वर किंवा खाली. म्हणून प्रत्येक कोनावर चार मोजण्या. या चार आकड्यांतून काय निघतं ते कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखं आहे. खालचे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत, प्रयोगातले नव्हेत.

प्लस लेझरने अणूचा स्पिन वर आणि ढग डावीकडून फिरणारा असा होतो असं धरू. प्लस आणि वर: ३००. दोन्ही स्पिन एकाच दिशेला, म्हणून ही शुद्ध ट्रिप्लेट. मायनस आणि खाली: १००. हीसुद्धा शुद्ध ट्रिप्लेट, फक्त ढग उलटा फिरणारा. प्लस आणि खाली: २५०. ही निम्मी ट्रिप्लेट, निम्मी सिंगलेट. डाव्या ढगाची ट्रिप्लेट ३०० आहे हे आपल्याला आधीच कळलंय, तिचे निम्मे १५०. उरले १००, म्हणजे सिंगलेट २००. मायनस आणि वर: १५०. उजव्या ढगाच्या ट्रिप्लेटचे निम्मे ५०, उरले १००, म्हणजे इथेही सिंगलेट २००.

आता पाहा. ट्रिप्लेटमध्ये डाव्या ढगाने ३०० दिले, उजव्याने १००. फरक भागिले बेरीज, अर्धा. सिंगलेटमध्ये दोन्ही ढगांनी २००च दिले, फरक शून्य. म्हणजे ट्रिप्लेट जोडीला ढग कुठल्या बाजूने फिरतोय याचं भारी महत्त्व आहे आणि सिंगलेटला काहीच नाही. इलेक्ट्रॉन ध्रुवित नसते, तर प्लसला सरासरी २७५ आणि मायनसला १२५ मिळाले असते, आणि त्यातून ०.३७५ एवढा एकच आकडा निघाला असता. तो ट्रिप्लेटचाही नाही, सिंगलेटचाही नाही. सिद्धांत मांडणाऱ्याने ट्रिप्लेटला ०.३ आणि सिंगलेटला ०.६ धरून चूक केली, तरी त्याचं उत्तर ०.३७५च येतं आणि सगळे समाधानाने माना डोलावतात.

हाच फरक दुसऱ्या बाजूनेही मोजतात: स्पिन विरुद्ध असतानाची मोजणी वजा स्पिन एकाच दिशेला असतानाची, भागिले दोघांची बेरीज. फक्त सिंगलेटच होत असेल तर हा आकडा १ येतो, फक्त ट्रिप्लेटच असेल तर उणे एकतृतीयांश, आणि ढगाची दिशा एकच ठेवली तर याबाहेर तो जाऊच शकत नाही. प्रयोगात कधी याबाहेरचा आकडा आला, तर तो निसर्गाचा नव्हे, कुठेतरी ध्रुवण मोजताना झालेल्या चुकीचा आहे हे लगेच कळतं.

खऱ्या प्रयोगात आकडे इतके स्वच्छ येत नाहीत. इलेक्ट्रॉनांचं ध्रुवण ३० टक्के म्हणजे शंभरांत ६५ वर आणि ३५ खाली. मग वरचे ३०० आणि २५० हे २८२.५ आणि २६७.५ होऊन समोर येतात. ५० चा फरक १५ वर येतो. ध्रुवण किती ते सोन्याच्या पातळ पत्र्यावर इलेक्ट्रॉन आपटून वेगळं मोजतात, आणि मग त्या संख्येने भागून मूळ फरक परत मिळवतात. पण मोजणीतली नैसर्गिक थरथर तर आहे तेवढीच राहते. तेवढाच अचूकपणा हवा असेल तर पूर्ण ध्रुवित झोताच्या तुलनेत जवळपास अकरा पट वेळ मोजत बसावं लागतं, आणि तेही कोनामागून कोन.

हाती जे आलं ते या कष्टांना साजेसंच होतं. सोडियममध्ये सिंगलेट आणि ट्रिप्लेट यांचे आलेख अनेक कोनांवर एकमेकांपासून ठळक वेगळे निघाले. ढगाच्या फिरण्याला दोघं दाद देतात ती वेगवेगळी. त्या काळचे अनेक गणिती मार्ग सरासरीशी बऱ्यापैकी जुळत होते, पण दोन हिशेब वेगळे मागितल्यावर अडखळत होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात इगोर ब्रे आणि अँड्रिस स्टेल्बोविक्स यांनी एक पद्धत बसवली. टक्कर चालू असताना अणू ज्या ज्या अवस्थांत जाऊ शकतो त्या सगळ्या, इलेक्ट्रॉन सुटून जाण्याच्या शक्यतांसकट, गणितात घ्यायच्या आणि उत्तर स्थिर होईपर्यंत त्यांची संख्या वाढवत न्यायची. तिचे सोडियमचे आकडे गेथर्सबर्गच्या दोन्ही हिशेबांशी जुळले. आज ताऱ्यांच्या वातावरणासाठी किंवा संलयन भट्टीसाठी अशा गणिताचे आकडे भरवशाने वापरतात, त्या भरवशामागे या मोजण्यांचा वाटा आहे.

मात्र हे चार आकड्यांचं गणित हलक्या अणूंपुरतंच इतकं सरळ आहे. सीझियम किंवा पाऱ्यासारख्या जड अणूजवळून जाताना इलेक्ट्रॉनला केंद्राचं प्रचंड विद्युतक्षेत्र लागतं, आणि तिथे स्पिन व कक्षा यांच्यातला चुंबकीय दुवा जागा होतो. मग अणूला स्पिनची दिशाच नसली तरी वर आणि खालचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या प्रमाणात डावीकडे-उजवीकडे जातात. सोन्याचा पत्रा ध्रुवण मोजू शकतो तो याच कारणाने. अशा अणूंत सिंगलेट आणि ट्रिप्लेट या दोन वह्या वेगळ्या ठेवता येत नाहीत, त्यांची पानं एकमेकांत सरमिसळ होतात.

आणि सोडियममध्येही एक गोष्ट या चार मोजण्यांच्या हाती लागत नाही. सिंगलेट आणि ट्रिप्लेट किती, हे कळतं. त्यांच्या लहरी एकमेकींच्या तुलनेत किती पुढे-मागे आहेत, हे कळत नाही. त्यासाठी टक्करीनंतर बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनचाही स्पिन मोजावा लागतो. मोजायचे ते इलेक्ट्रॉन आधीच थोडे, त्यात सोन्याच्या पत्र्यावर पाठवलेल्या हजारो इलेक्ट्रॉनांतून मोजणीत येतात ते मूठभर.